छाप्यात कॅमेरा : त्सुम खोरं, १९६४

१९६४ च्या उन्हाळ्यात तीन ब्रिटिश माणसं उत्तर नेपाळातल्या त्सुम खोऱ्यात पोचली. एकाकडे १६ मिलिमीटरचा कॅमेरा होता, दुसऱ्याकडे चित्रपटाची जबाबदारी. तिसऱ्याला खंपांची, म्हणजे पूर्व तिबेटातल्या खाम प्रांतातल्या लोकांची, भाषा येत होती, जी उरलेल्या दोघांना येत नव्हती. खोऱ्यात तिबेटी गनिमांची एक छोटी तुकडी तळ ठोकून होती. ही तुकडी उंच खिंड ओलांडून तिबेटात उतरली, क्यिरोंगच्या बाजूच्या रस्त्यावर चिनी लष्करी ट्रकांची वाट पाहत दबा धरून बसली आणि ट्रक टप्प्यात येताच तिनं गोळीबार केला. कॅमेरा तिच्यासोबत होता.

त्यातून निघालेला ‘रेड इनटू तिबेट’ हा सुमारे अर्ध्या तासाचा कृष्णधवल माहितीपट १९६६ साली ब्रिटिश टेलिव्हिजनवर दाखवला गेला. चिनी सैन्याशी लढणाऱ्या तिबेटी गनिमांची चालती-बोलती दृश्यं फार थोडी आहेत, आणि त्यांत या छाप्याचं मोल सगळ्यात जास्त. साहजिकच हे प्रकरण धाडसाची कथा म्हणून सांगितलं जातं. बर्फातली चढण, लपतछपत गाठलेली सरहद्द, हातात कॅमेरा. हे सगळं खरं आहे. पण माहितीपट करणाऱ्या माणसानं या प्रकरणाकडे परत परत यावं ते दुसऱ्या कारणासाठी. या छाप्याला परवानगी कोणी दिली, आणि कॅमेरा तिथं नसता तर तो त्या दिवशी झाला असता का, हे दोन प्रश्न या अर्ध्या तासाच्या मुळाशी आहेत.

तिघं कोण होते

दिग्दर्शक एड्रियन कॉवेल. जन्म १९३४, चीनमध्ये. शिक्षण केंब्रिजमध्ये. ब्राझीलच्या जंगलात आदिवासींमध्ये राहून आलेला, दूरवर जाऊन तिथं दीर्घकाळ मुक्काम ठोकण्याची सवय असलेला. कॅमेऱ्यावर ख्रिस मेंजेस, वय विशी-पंचविशीतलं. पुढे याच मेंजेसला ‘द किलिंग फील्ड्स’ आणि ‘द मिशन’ या चित्रपटांच्या छायालेखनासाठी ऑस्कर मिळाले. १९६४ साली मात्र तो टेलिव्हिजनचा एक तरुण कॅमेरामन होता.

तिसरा जॉर्ज पॅटरसन, आणि या प्रकरणाची किल्ली त्याच्याकडे आहे. स्कॉटलंडचा हा मिशनरी १९४० च्या दशकाच्या शेवटी पूर्व तिबेटातल्या खाम प्रांतात जाऊन राहिला होता. पांदात्सांग या वजनदार खंपा घराण्याशी त्याची मैत्री जमली. चिनी सैन्य येणार हे दिसू लागल्यावर १९५० च्या सुरुवातीला तो मदतीसाठी भारतात उतरला. दलाई लामांचे थोरले बंधू आणि कोलकात्यातले अमेरिकी अधिकारी यांच्यातला निरोप्याही तो होता. नंतर त्यानं पत्रकारिता केली, पण तिबेटच्या बाबतीत तो कधीच तटस्थ नव्हता आणि तसं भासवतही नव्हता. पथकाला गनिमांच्या तळावर प्रवेश मिळाला, तो पॅटरसनमुळे. ज्या माणसामुळे दार उघडतं, तोच माणूस आत गेल्यावर प्रश्न विचारतो आणि उत्तरंही तोच सांगतो, तेव्हा काय होतं, याकडे पुढे येऊच.

सगळ्यांना ठाऊक असलेलं गुपित

त्सुममधली तुकडी एकटीदुकटी नव्हती. १९५८ च्या जूनमध्ये दक्षिण तिबेटात गोम्पो ताशी आंद्रुगत्सांग या लिथांगच्या व्यापाऱ्याच्या नेतृत्वाखाली ‘चुशी गांगद्रुक’ ही संघटना उभी राहिली. नावाचा अर्थ चार नद्या, सहा डोंगररांगा, म्हणजेच खाम. १९५९ च्या मार्चमध्ये दलाई लामा भारतात आले, त्या वाटेवर संरक्षणाला हेच लोक होते. त्यानंतर हरलेले, पांगलेले खंपा १९६० पासून नेपाळच्या मुस्तांगमध्ये पुन्हा गोळा झाले. काही निवडक जणांना अमेरिकेच्या सीआयएनं कोलोरॅडोतल्या कॅम्प हेल इथं प्रशिक्षण दिलं. शस्त्रं विमानातून टाकली गेली. खुल्या झालेल्या अमेरिकी कागदपत्रांत जानेवारी १९६४ चं एक टिपण आहे. त्यात नेपाळातल्या २,१०० गनिमांसाठी वर्षाला ५ लाख डॉलर आणि तिबेटविषयक सगळ्या कारवाईसाठी मिळून १७ लाख ३५ हजार डॉलर असा हिशोब मांडलेला आहे.

हे सगळं चालू होतं ते एका अटीवर : कोणीही ते मान्य करायचं नाही. राजा महेंद्रांच्या नेपाळनं १९६१ मध्ये चीनशी सीमाकरार केला होता. काठमांडूहून तिबेटच्या सीमेपर्यंतचा रस्ता चिनी मदतीनं बांधायचं ठरलं होतं. आपल्या भूमीवरून चीनवर छापे पडतात हे नेपाळ कबूल करू शकत नव्हता, आणि ते थांबवण्याची ताकदही तेव्हा त्याच्याकडे नव्हती. भारताची गोष्ट वेगळी. १९६२ च्या युद्धानंतर दिल्लीनं चक्रात्याला तिबेटींचं स्वतंत्र दल उभं केलं होतं आणि अमेरिकेशी या बाबतीत हातमिळवणीही केली होती, पण जाहीरपणे ब्र काढायचा नव्हता. वॉशिंग्टनला तर नकार देता येणं हाच कारवाईचा पाया वाटत होता. चीनला हे माहीत होतं. १९६१ च्या एका छाप्यात गनिमांच्या हाती चिनी सैन्याच्या गोपनीय कागदांची थैलीच लागली होती, तेव्हा छापे पडत आहेत हे चीनला कोणी सांगायची गरज नव्हती. पण तिबेटात सगळं शांत आहे असं चीनला जगाला सांगायचं होतं, म्हणून तोही गप्प.

म्हणजे चार सरकारं एकाच गोष्टीबद्दल मौन धरून होती, आणि प्रत्येकाचं कारण वेगळं होतं. अशा मौनात चित्रफीत गेली की ती एकाच वेळी चौघांना अडचणीत आणते. गावातल्या उघड गुपितासारखंच हे. चारचौघांत मोठ्यानं बोलून दाखवणाऱ्यावर सगळेच चिडतात.

तरीही कॅमेरा का

कारण मौनाचा तोटा फक्त एका पाचव्या पक्षाला होत होता, खुद्द लढणाऱ्यांना. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत १९५९ साली तिबेटविषयीचा ठराव ४५ विरुद्ध ९ मतांनी मंजूर झाला, २६ देश तटस्थ राहिले. १९६१ ला दुसरा ठराव झाला. त्या ठरावांनी जमिनीवर काहीच हललं नाही. तिबेट परक्या पत्रकारांना जवळपास बंद होता. जगापर्यंत पोचत होत्या त्या निर्वासितांच्या तोंडच्या हकिकती, आणि त्यांवर ‘ऐकीव’ हा शिक्का मारणं सोपं होतं. लढा चालू आहे याचा डोळ्यांनी पाहण्याजोगा पुरावा नव्हता. पॅटरसनला तो हवा होता. कॉवेलला चित्रपट हवा होता. दोन्ही हेतू प्रामाणिक होते, पण एकच नव्हते, आणि डोंगरात पोचेपर्यंत हा फरक कोणाला नीट जाणवत नाही.

त्सुमच्या तुकडीकडे पाहिलं तर तिचीही अडचण दिसते. मुख्य तळ मुस्तांगला, पश्चिमेकडे. मधे हिमालयाच्या रांगा. मुस्तांगमध्येच सगळ्यांच्या हाती बंदुका नव्हत्या, मग कडेच्या तुकडीची काय कथा. वरून आदेश येत होते ते संयमाचे. लढायला म्हणून घर सोडलेली माणसं तळावर बसून दिवस काढत होती. त्यात त्सुम खोऱ्याची एक गोष्ट मला फार विचित्र वाटते. इथल्या बौद्ध गावांनी १९२० च्या सुमारास कुठल्याही जिवाची हत्या करायची नाही, शिकारही नाही, असं सामुदायिक व्रत घेतलं होतं आणि ते आजही पाळलं जातं. त्या खोऱ्यातून ही माणसं छाप्याला निघाली. या विसंगतीचा एक वेगळा माहितीपट झाला असता.

डोंगरातलं काम

थोडं तंत्राबद्दल, कारण त्याशिवाय या दृश्यांची किंमत कळत नाही. १६ मिलिमीटरचं शंभर फुटांचं रीळ म्हणजे जेमतेम पावणेतीन मिनिटं. चारशे फुटांचं मॅगझिन लावलं तर अकरा मिनिटं, पण मग कॅमेरा जड होतो. रीळ संपलं की काळ्या पिशवीत हात घालून, न बघता, दुसरं भरायचं. उंचीवरच्या कोरड्या थंडीत फिल्म ठिसूळ होते, आणि घाईनं गुंडाळली तर स्थिर विजेच्या ठिणग्यांचे ओरखडे तिच्यावर उमटतात. बॅटरी अंगाशी धरून उबेत ठेवावी लागते. चावीच्या कॅमेऱ्याला बॅटरी लागत नाही, पण एका चावीत अर्ध्या मिनिटाच्या आतच चित्रण होतं. आवाज वेगळ्या यंत्रावर. आणि काय टिपलं गेलं ते महिनोन्‌महिने कोणालाच दिसत नाही, कारण प्रयोगशाळा हजारो मैल दूर.

छापा म्हणजे बहुतेक वेळ नुसती वाट पाहणं. तास जातात, कधी दिवसही. मग काही मिनिटांत सगळं संपतं. कॅमेरामननं बटण कधी दाबायचं? ट्रक दिसल्यावर लगेच दाबलं तर पहिली गोळी सुटताना रीळ संपलेलं असेल. उशिरा दाबलं तर पहिली गोळीच हुकली. शिवाय यंत्राची घरघर. डोंगरात आवाज कुठून कुठे जाईल सांगता येत नाही, आणि दबा धरलेल्या माणसाच्या शेजारी घरघरणारं यंत्र ही त्याच्या जिवाशीच गाठ आहे. अशा ठिकाणी कॅमेरामननं आपल्या शॉटचा विचार किती करायचा आणि शेजारच्याच्या जिवाचा किती, हे आधी बोलून ठरवावं लागतं. गोळी सुटल्यावर चर्चा होत नाही.

आणखी एक. खऱ्या छाप्यात कॅमेऱ्याला एकच जागा मिळते : ज्या खडकाआड बंदूक, त्याच खडकाआड कॅमेरा. पुढे जाऊन मागे वळून पाहता येत नाही. म्हणून कुठल्याही लढाईच्या माहितीपटात गोळी झाडणाऱ्याचा चेहरा समोरून, स्वच्छ दिसला, की मी सावध होतो. तो शॉट त्याच क्षणाचा नसण्याची शक्यता दाट असते. लढणाऱ्याच्या खांद्यामागून, हलतं, अर्धवट, दूरवर काहीतरी कोसळताना दिसणारं दृश्य बघायला वाईट असतं, पण विश्वासार्ह असतं.

मराठीत या लढ्याला आपण गनिमी म्हणतो. गनीम म्हणजे शत्रू. मोगल मराठ्यांना गनीम म्हणत, आणि त्यांचा शब्द आपण आपल्याच युद्धरीतीला अभिमानानं लावून घेतला. म्हणजे शब्द खालून वर बघतो, दरीतल्या फौजेच्या नजरेनं. गनिमाबरोबर चढलेला कॅमेरा वरून खाली बघतो. या बदललेल्या कोनातच त्याची ताकद आहे आणि त्याचं आंधळेपणही. रस्त्यावरच्या ट्रकमध्ये कोण होतं? सैनिक असतील, चालक असतील, वीस वर्षांची पोरं असतील. त्या खडकाआडून ते दिसत नाहीत, दिसणं शक्यही नाही. पण संकलनाच्या टेबलावर बसलेल्याला ते दिसत नाहीत याची आठवण तरी राहिली पाहिजे.

होकार कोणाचा

आता मूळ मुद्दा. पथकाला तुकडीचा होकार होता. त्याशिवाय कोणी तीन परक्यांना सोबत घेऊन सरहद्द ओलांडत नाही. पण हा होकार कसा मिळाला असेल याचा नुसता रस्ता पाहा. दिग्दर्शक इंग्रजीत विचारतो. दुभाष्या तिबेटीत विचारतो. तुकडीप्रमुख दुभाष्याला उत्तर देतो, आणि उत्तर इंग्रजीत परत येतं. साध्या कामात दुभाष्या हे फक्त साधन असतं. इथं दुभाष्या हा गनिमांचा जुना मित्र, खाममध्ये राहिलेला, त्यांच्या बाजूनं वर्षानुवर्षं बोलत आलेला माणूस. तो विचारतो तेव्हा प्रश्न ‘चित्रण करू द्याल का’ एवढाच उरत नाही. ‘जगानं पाहावं असं तुम्हाला वाटतं ना’ हेही त्यात येतं. आपला माणूस असं विचारत असताना नाही म्हणणं म्हणजे लढ्यालाच नाही म्हणणं. कॉवेलला तिबेटी येत नव्हतं, त्यामुळे शब्दांतला दाब त्याच्यापर्यंत पोचायचा मार्गच नव्हता.

दुसरं, तुकडीप्रमुखाला हा होकार देण्याचा अधिकार होता का? स्वतःच्या जिवापुरता होता. स्वतःच्या माणसांपुरताही होता असं म्हणू. पण या चित्रफितीनं जे उघड होणार होतं ते एका तुकडीचं गुपित नव्हतं. मुस्तांगचे दोन हजारांहून जास्त लोक, त्यांची रसद, नेपाळचं डोळे मिटून बसणं, दिल्ली-वॉशिंग्टनचा करार, हे सगळं त्या रिळांत अप्रत्यक्षपणे होतं. छाप्याचं चित्रण झाल्याचं कळल्यावर अमेरिकी बाजू संतापली. गनिमांच्या भाकरीचा आणि काडतुसांचा खर्च तीच बाजू करत होती, तेव्हा हा संताप नुसता सरकारी रुसवा म्हणून सोडून देता येत नाही. चित्रपट बाहेर पडायला दोन वर्षं गेली. तिघं ब्रिटिश तोवर कधीच सुखरूप बाहेर पडले होते. खोऱ्यातून बाहेर पडण्याची सोय ज्यांना नव्हती ते तिथंच होते.

तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड. वरून संयमाचा आदेश असताना, दारूगोळ्याची चणचण असताना, कॅमेरा आला आणि छापा पडला. तुकडीला लढायचंच होतं, कॅमेरा फक्त निमित्त झाला, असं म्हणता येईल, आणि त्यात तथ्य असावं. तरी मी माझ्यापुरती एक कसोटी लावतो : आम्ही त्या आठवड्यात आलोच नसतो तर या माणसांनी काय केलं असतं? उत्तर ‘हेच केलं असतं’ असेल, तर मी साक्षीदार. उत्तर ‘बसून राहिली असती’ असेल, तर छाप्यात मेलेल्यांच्या हिशोबात माझंही नाव आहे, मी बंदुकीला हात लावला असो वा नसो. या कसोटीवर त्सुमचं चित्रण निर्विवाद उतरत नाही. दृश्यं खोटी आहेत असं मी म्हणत नाही. ट्रक खरे होते, गोळ्या खऱ्या होत्या, धोका तर पथकानंही तेवढाच पत्करला. पण घटना खरी असणं आणि ती आपल्याविना घडली असती हे दोन वेगळे दावे आहेत, आणि माहितीपट बघणारा प्रेक्षक दुसरा दावा गृहीत धरून बसलेला असतो.

दुसरं काय करता आलं असतं? तळावरचं जगणं टिपून परत येता आलं असतं. चित्रपट मऊ झाला असता, पण ‘लढा जिवंत आहे’ हे सांगायला पुरला असता का, शंका आहे. चेहरे लपवता आले असते, पण चेहरा नसलेला गनीम म्हणजे पुन्हा अफवाच, आणि पुरावा हवा म्हणून तर सगळा खटाटोप होता. मुस्तांगच्या मुख्यालयाला आधी विचारता आलं असतं. उत्तर बहुधा नाही असं आलं असतं, आणि मग चित्रपटच झाला नसता. माझा कौल तरीही याच पर्यायाकडे आहे, निदान विचारण्याकडे. नाही ऐकून घेतल्यावर पुढे जायचं की परतायचं हा निर्णय मग उघड्या डोळ्यांनी झाला असता. इतिहासाचा मात्र तोटा झाला असता हे मान्य करूनच मी हे म्हणतो आहे, आणि हा तोटा किती मोठा असता हे नंतर कळलं.

नंतर

कॉवेल आणि मेंजेस या जोडीनं असं काम सोडलं नाही. बर्मातल्या शान डोंगरांत ते बंडखोरांबरोबर गेले. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पुन्हा गेले आणि परतीची वाट बंद झाल्यामुळे वर्षाहून अधिक काळ तिथंच अडकले. या खेपेला अफूच्या व्यापाराविषयी शान बंडखोरांचा एक प्रस्ताव बाहेरच्या जगापर्यंत पोचवण्यातही कॉवेलचा हात होता, आणि १९७५ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे त्यावर सुनावणी झाली. त्सुममध्ये दुभाष्याची जी भूमिका होती, ती इथं दिग्दर्शकाकडे आली. फरक एवढाच की ती सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती.

तिबेटी लढ्याचा शेवट लवकर आला. अमेरिका-चीन संबंध सुधारू लागले, सीआयएचा पैसा आटला. १९७४ मध्ये नेपाळी सैन्य मुस्तांगला गेलं. शस्त्रं खाली ठेवा असा दलाई लामांचा ध्वनिमुद्रित संदेश तळातळावर ऐकवला गेला. त्यांचा आवाज ऐकून अनेकांनी बंदुका दिल्या, काहींनी स्वतःचा जीव दिला. तेव्हाचा सेनापती वांगदू निवडक माणसं घेऊन पश्चिमेकडे निसटला आणि भारताच्या सीमेजवळ तिंकर खिंडीपाशी मारला गेला. यानंतर निर्वासित तिबेटी समाजातही या सशस्त्र लढ्याबद्दल फारसं बोललं जात नसे. अहिंसेची ओळख जगभर पोचत असताना बंदुका घेतलेले वडील-काका सांगायचे कसे, ही अडचण होती.

१९९८ साली रितू सरीन आणि तेनझिंग सोनम यांनी बीबीसीसाठी ‘द शॅडो सर्कस’ हा माहितीपट केला. ‘सर्कस’ हा शब्द सीआयएच्या तिबेट कारवाईच्या सांकेतिक नावातला. म्हातारे झालेले खंपा त्यात कॅमेऱ्यापुढे बसून बोलतात, नावानिशी, तोंड न लपवता. तेनझिंग सोनम यांचे वडील ल्हामो त्सेरिंग हे या लढ्याचे मुख्य समन्वयक होते. १९७४ ला नेपाळनं त्यांना पकडलं आणि पुढची काही वर्षं ते तुरुंगात होते.

त्यांनी आयुष्यभर जपलेल्या संग्रहात कागदपत्रं आहेत, नकाशे आहेत आणि मुस्तांगच्या तळावरचे भरपूर फोटो आहेत. म्हणजे त्सुममध्ये परक्यांचा कॅमेरा पोचला, त्या काळात गनिमांचा स्वतःचा कॅमेराही चालू होता. त्या फोटोंत माणसं रांगेत उभी आहेत, बंदुका साफ करताहेत, बर्फात कवायत करताहेत. बरेच जण थेट कॅमेऱ्याकडे बघताहेत. समोरचा आपलाच माणूस आहे आणि फोटो कुठे जाणार हे त्यांना ठाऊक आहे, असं बघणं.